नमुन्याची शेपटी

माझा नवरा बेडकांचे आवाज रेकॉर्ड करतो. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याला देशाबाहेर काढणाऱ्यांनी त्याचं जे वर्णन केलं ते ऐकून कुणालाही वाटेल, हा माणूस गादीखाली बंदुका ठेवून झोपतो. त्याच्या गादीखाली मोजे सापडतात. तेही जोडीतला एकेकच.

त्या परक्या देशात आम्ही लग्नानंतर लगेच गेलो. विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात दोघांनाही काम मिळालं. तो दलदलीत मांडीइतक्या पाण्यात उभा राहून बेडकांची गाऱ्हाणी ऐकायचा. त्याने आणलेलं सगळं मी तळघरातल्या गार खोलीत बसून ऐकायचे, साफ करायचे, जागच्या जागी लावायचे. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला एक शब्द बोलायचा नसायचा आणि मला एक शब्द ऐकायचा नसायचा. छान चाललं होतं आमचं.

या संसारात तिसरा माणूस होता भाऊजी. नात्यातला नव्हे. आमच्याच देशातून आलेला, नवऱ्याच्याच प्रयोगशाळेत पक्ष्यांवर काम करणारा. पहिल्या भेटीत मला 'वहिनी' म्हणाला, म्हणून मी त्याला 'भाऊजी' म्हणाले, आणि त्या एका शब्दाच्या जोरावर तो वर्षानुवर्षं आमच्याकडे जेवला. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचे. इथे करणार नाही.

आता शेपटी म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. आमचा संग्रह ज्यांनी उभा केला त्या मोठ्या सरांनी एक शिस्त घालून दिली होती. रेकॉर्डिंग झालं की यंत्र बंद करण्याआधी, जिथे उभे असाल तिथेच, हळू आवाजात बोलायचं. वारा किती, मागे कसले आवाज, जवळ माणसं किती, माइक कुठे. मग 'समाप्त' म्हणायचं आणि बटण दाबायचं. या बोलण्याला आम्ही शेपटी म्हणायचो. पुढे कधी कुणी ते ऐकलं तर त्याला कळावं, की मागे घरघरतंय ते विमान आहे, बेडकाचं पोट बिघडलेलं नाही. बिनशेपटीचं रेकॉर्डिंग मोठे सर सरळ परत पाठवायचे, मग त्यासाठी कुणी डोंगर चढून आलेला का असेना. त्यामुळे शेपटी सगळ्यांच्या अंगात भिनली होती. माझ्या नवऱ्याने आमच्या लग्नाच्या व्हिडिओलासुद्धा शेपटी लावली आहे. 'वारा मंद, मागे भांडी, माणसं फार.'

प्रत्येकाची शेपटी थोडी वेगळी असायची. भाऊजीची तर खासच. 'समाप्त' म्हणण्याआधी तो दरवेळी म्हणायचा, 'बाकी सगळं शांत.' सर चिडायचे. 'अरे, शांत आहे ते ऐकू येतंय की, सांगतोस कशाला?' भाऊजी कान पकडायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणायचा. खोड ती खोड.

मग त्या देशाने पलीकडच्या देशावर विमानं पाठवली. एका शाळेवर बाँब पडला. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर विद्यार्थी जमले, आणि ज्याला घरात दुसऱ्यांदा भाजी मागायला जड जातं तो माझा नवरा पायरीवर चढून बोलला. फार नाही बोलला. शाळेवर बाँब टाकणं हा गुन्हाच आहे, टाकणारा कुणीही असो. आणि ज्या देशाचं मीठ मी खातो त्या देशाच्या तोंडावर हे सांगणं मला माझं काम वाटतं. टाळ्या पडल्या. मी मागे उभी होते. मला त्याचा अभिमान वाटला, आणि भीतीही.

पुढच्या आठवड्यात सकाळी दोन माणसं दारात आली. अगदी सभ्य. पायपुसण्याला बूट पुसून आत आली आणि नवऱ्याला घेऊन गेली. त्याचा चहा टेबलावर तसाच राहिला.

भाषणासाठी नेलं असं कुणी म्हणालं नाही. भाषणाला त्या देशात बंदी नव्हती, हे ते स्वतःच छाती फुगवून सांगायचे. कारण होतं 'संबंध'. गावातल्या एका वाचन मंडळाने नवऱ्याला एकदा बेडकांवर बोलायला बोलावलं होतं. पुढे कधीतरी त्या मंडळाचे धागेदोरे एका संघटनेशी जोडले गेले आणि मंडळावर बंदी आली. झालं. माझा नवरा बंदी घातलेल्या लोकांशी संबंध ठेवणारा परका ठरला. संबंध कसला, तर त्यांनी विचारलं होतं, बेडूक पाणी कसं पितो? आणि याने सांगितलं होतं, कातडीने.

'हे एका गोपनीय माणसाकडून खात्रीने कळलं आहे,' असं आमच्या वकीलबाईंना सांगण्यात आलं. त्या मंडळात तो फक्त बोलून आला नाही, तर पुन्हा जाण्याचा त्याचा पक्का बेत आहे, असंही त्या माणसाने सांगितलं होतं.

म्हणजे कुणीतरी चुगली केली होती. मी त्या दिवशी ठरवलं, नवरा सुटो न सुटो, हा कोण आहे ते मी शोधणार आणि त्याला सोडणार नाही. मी काही देवमाणूस नाही. माझा नवरा आहे, एका घराला तेवढा एक पुरे.

मंडळात पुन्हा जाण्याबद्दल नवरा एकदाच बोलला होता, एका रात्री, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तेव्हा तिथे आम्ही दोघं होतो, भाऊजी होता, आणि वरच्या मजल्यावरची घरमालकीण होती. मी अर्थातच घरमालकिणीवर दात धरला. कचऱ्याचा डबा कुठे ठेवला, दार किती जोरात लागलं, यावर चिठ्ठ्या डकवणारी बाई. तिच्याशिवाय दुसरं कोण असणार? मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या मांजराला माझ्या पायरीवरून हाकलून लावलं. जिन्यातला दिवा गेला तर मुद्दाम बदलला नाही, आणि ती चाचपडत उतरायची तेव्हा दाराआड उभी राहून मला बरं वाटायचं.

आणि भाऊजी? भाऊजी रोज यायचा. 'वहिनी, रडू नका, मी आहे ना.' गळका नळ त्याने दुरुस्त केला. जेवायला वाढलं तर आधी नको म्हणायचा आणि मग दोनदा घ्यायचा. मोठ्या सरांना मी साक्षीला बोलावलं, तर त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं आणि मूग गिळून बसले. तेव्हा भाऊजीच पुढे झाला. 'दादाच्या चांगल्या वागणुकीची साक्ष मी नाही देणार तर कोण देणार?' मला इतकं भरून आलं, की मी त्याचे हात हातात घेतले. ते हात आठवले की अजून मला साबण लावून हात धुवावेसे वाटतात.

सुनावणी एका ठेंगण्या छताच्या खोलीत झाली. जमिनीवर राखाडी गालिचा, टेबलावर बारीक मानेचे माइक, कोपऱ्यात पाण्याची प्लास्टिकची बाटली. सुनावणी घेणारे साहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. नवऱ्याला आणलं. पँटचा पट्टा काढून घेतला होता, त्यामुळे तो एका हाताने पँट धरून उभा होता. मला बघून हसला आणि दुसऱ्या हाताने विचारलं, जेवलीस का? त्या पँट धरलेल्या हाताकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साक्षीदारांना आत बसायची परवानगी नव्हती. भाऊजी बाहेर बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

सरकारी वकील मऊ आवाजाचा तरुण होता. तो म्हणाला, गोपनीय माणसाने दिलेलं एक ध्वनिमुद्रण आहे, ते ऐकवण्यात येईल. सुरक्षिततेसाठी आरोपीशिवाय बाकीच्यांचे आवाज बदलले आहेत.

आणि खोलीत माझं स्वयंपाकघर वाजू लागलं.

दुसऱ्या कुणाला नुसती खरखर ऐकू आली असेल. मला माझा पंखा ऐकू आला, त्याचं एक पातं जरा वाकडं आहे. माझ्या किटलीचं झाकण. माझं हसणं, डब्यात तोंड घालून हसल्यासारखं केलेलं. एक जाडाभरडा आवाज विचारत होता, 'पण त्यांनी परत बोलावलं तर? जाशील?' आणि त्यावर माझ्या नवऱ्याचा साधा, स्वच्छ आवाज: 'जाईन की. चांगली माणसं आहेत ती.' मग लगेच कपबश्या.

मी वकीलबाईंचा हात दाबला. 'मधलं कापलंय,' मी कुजबुजले. 'पंख्याचा सूर तिथे तुटतोय. पुढचं वाक्य मी स्वतः ऐकलंय. तो म्हणाला होता, ज्या दिवशी ही माणसं बंदुकीचं नाव काढतील त्या दिवशी मी दारातूनच परत फिरेन.' वकीलबाईंनी उठून तसं सांगितलं. साहेब म्हणाले, यंत्रात असे दोष असतात, आणि बायकोची आठवण हा पुरावा होत नाही.

रेकॉर्डिंग चालूच होतं. ते बंद करायचं काम ज्याचं, तो कारकून पाणी पीत होता. खुर्च्या सरकल्या, कुणी निरोप घेतला, दार लागलं. जिन्यावरची पावलं. रस्ता. आणि मग अगदी जवळून, कापडाच्या आतून, घसा खाकरून कुणीतरी पुटपुटलं. हा आवाज कुणी बदललेला नव्हता. बोलणं संपलं, आता पुढे कोण ऐकतंय, असं म्हणून सोडून दिलं असणार.

'वारा नाही. मागे पंखा, नंतर एक गाडी. माणसं तीन, मी धरून चार. माइक खिशात. बाकी सगळं शांत. समाप्त.'

कारकुनाने बटण दाबलं. खोलीत कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांच्या लेखी ती बडबड होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

चोरून रेकॉर्डिंग करतानासुद्धा त्या माणसाला शेपटी लावल्याशिवाय राहवलं नव्हतं! आणि आपण ती लावली हे त्याला कळलंही नसणार, शिंक आल्यासारखं. इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन त्याने केसाने गळा कापला होता, आणि तोही कसा, पद्धतशीर, मोठ्या सरांनी शिकवल्याबरहुकूम.

मधल्या सुट्टीत शेजारच्या लहान खोलीत आम्हाला नवऱ्याला भेटू दिलं. मी वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'त्यांना आत बोलावते आणि तोंडावर विचारते.'

'नको,' नवरा म्हणाला. 'त्याचं नाव घेऊ नका.'

'का?' मी ओरडलेच.

'त्याचा इथे राहायचा परवाना संपत आलाय. लेकीला कॉलेजात घालायचंय. त्याला दाबलं असणार गं. तो असा नाही.'

'तो असाच आहे! तू पँट धरून उभा आहेस आणि तो बाहेर माझी पिशवी धरून बसलाय!'

'म्हणून काय आपणही त्याला धरून द्यायचं?'

मला न्यायनीती नको होती, मला भाऊजी हवा होता. नवऱ्याला परत नेल्यावर मी वकीलबाईंना म्हणाले, 'नाव नाही घ्यायचं. ठीक आहे. तुम्ही त्यांना फक्त त्यांच्या कामाबद्दल विचारा.' काय विचारायचं तेही सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, 'तुमच्याशी वैर घ्यायला नको बाई.'

बाहेर भाऊजीने माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली होती. 'काय झालं आत, वहिनी?'

'काही नाही. कसलंतरी रेकॉर्डिंग आहे म्हणतात. अजून कशाचा काही पत्ता नाही.' त्याचा खांदा किंचित खाली आला. जीव भांड्यात पडला त्याचा. मी ती कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, त्याच्याकडे बघत.

भाऊजी आत आला, शपथ घेतली, माइक जरा जवळ ओढला. नवऱ्याबद्दल फार छान बोलला. असा सरळ माणूस होणे नाही, माझ्या सख्ख्या भावासारखा आहे, वगैरे. एके ठिकाणी त्याचा आवाज दाटून आला. मला वाटतं, ते खरं होतं. त्यानेच मला जास्त संताप आला.

'तुमच्या कामात फार काटेकोर असावं लागतं म्हणे,' वकीलबाई गोड आवाजात म्हणाल्या. 'यांच्यासारखा माणूस किती शिस्तीचा असतो, ते साहेबांना कळायला हवं. रेकॉर्डिंग संपताना तुम्ही काहीतरी बोलता ना?'

'शेपटी,' भाऊजी हसून म्हणाला. 'आमच्या सरांची शिकवण.'

'कशी असते? आत्ता या खोलीत तुम्ही रेकॉर्डिंग करत असता तर कसं बोलला असता?'

नवऱ्याने मान वर केली. 'अरे, नको,' असं काहीतरी तो म्हणाला, पण त्याच्यापुढचा माइक बंद होता.

भाऊजी रंगात आला होता. आपल्या कामाबद्दल विचारलं की कुठलाही संशोधक रंगात येतो, मग खोली कसली का असेना. तो सावरून बसला. घसा खाकरला. डोळे आपोआप अर्धे मिटले.

'वारा नाही. मागे गार हवेचं यंत्र, बाहेर पावलं. माणसं आठ, मी धरून नऊ. माइक टेबलावर. बाकी सगळं शांत. समाप्त.'

साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. कारकून भाऊजीकडे टक लावून बघत होता. तरुण सरकारी वकील कागद चाळायला लागला, उलटे. भाऊजी मात्र अजूनही हसत होता, शाबासकीची वाट बघत.

'सकाळच्या ध्वनिमुद्रणाचा शेवट पुन्हा ऐकवा,' वकीलबाई म्हणाल्या.

ऐकवला. तो ऐकताना मी दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही, फक्त त्याच्या तोंडाकडे पाहिलं. 'वारा नाही'ला हसू तसंच होतं. 'माइक खिशात'ला त्याचा हात नकळत कोटाच्या खिशावर गेला. 'बाकी सगळं शांत' आलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात मला इतका आनंद फार कमी वेळा झाला आहे.

पण निकालाने आमच्या तोंडाला पानं पुसली. रेकॉर्डिंग कुणीही केलेलं असो, आरोपी जे बोलला ते त्यामुळे बदलत नाही, असं साहेब म्हणाले. खाली मान घालून म्हणाले, एवढंच. नवऱ्याने देश सोडायचा, पुन्हा येण्याची परवानगी नाही. भाऊजीला मात्र कायमचा परवाना मिळाला, आणि पुढे नवऱ्याची प्रयोगशाळाही त्याच्याच हाती गेली. सरकार दिलेला शब्द पाळतं.

नवऱ्याला आधी पाठवलं. सामान आवरायला मी मागे राहिले. घरमालकिणीने न बोलता खोकी आणून दिली. मी जिन्यातला दिवा बदलला. आमच्यात माफीचं बोलणं झालं नाही. मांजर मात्र पुन्हा पायरीवर येऊन बसलं.

शेवटच्या दिवशी मी माझ्या तळघरात गेले. सुनावणीत वाजलेलं सगळं खुलं असतं, त्याची प्रत वकीलबाईंनी मिळवून दिली होती. मी दोन्ही शेपट्या शेजारीशेजारी लावल्या, खिशातली आणि साक्षीतली. आवाज स्वच्छ केले. प्रत्येक आवाजापुढे तो करणारा प्राणी कोण, कुठे, कशा परिस्थितीत, हे लिहायची आमची पद्धत आहे. ते मी अगदी खरं लिहिलं, पदरचं काही घातलं नाही. मग ते घेऊन मोठ्या सरांच्या घरी गेले.

दरवर्षी नवे विद्यार्थी येतात, तेव्हा शेपटी कशी लावावी हे शिकवायला त्यांना पहिल्याच दिवशी एक नमुना ऐकवतात. नमुना कुठला, हे ठरवण्याचा हक्क अजून सरांचाच होता.

सरांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं.

'नमुना उत्तम आहे,' ते म्हणाले. 'सगळं आलंय. तीन शब्द तेवढे जास्तीचे.' आणि मंजुरीची सही केली. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, 'मी यायला हवं होतं त्या दिवशी.'

'हो सर,' मी म्हणाले, 'यायला हवं होतं.' आणि निघाले.

त्यानंतर दोनदा नवे विद्यार्थी आले असतील. आम्ही इकडे आपल्या देशात. नवरा एका शाळेत शिकवतो, सुट्टीत आसपासची डबकी पालथी घालतो. इथले बेडूक त्याला फार बोलके वाटत नाहीत. झोपेत कधीतरी तिकडच्या दलदलीची शेपटी बोलतो. नमुन्याबद्दल कळल्यावर तो काही दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. 'आवाज पकडायचा असतो, माणूस नाही,' एवढंच म्हणाला. बोलू दे. त्याच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो.

परवा दुपारी तो शाळेत असताना फोन वाजला.

'वहिनी.'

मी फोनचा स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

'वहिनी, ते तेवढं काढून टाका. हात जोडतो. पहिल्या दिवशी मुलं ऐकतात, मग वर्षभर माझ्या तोंडाकडे बघतात. मी वर्गात घसा खाकरला की मागून कुणीतरी म्हणतं, बाकी सगळं शांत. लेक त्याच विद्यापीठात आहे हो. तिलाही ऐकवलं त्यांनी.'

संग्रहाचा नियम आहे, ज्याने ठेवलं तोच काढू शकतो. सरांनी ठरवलेला नमुना तो बदलू शकला असता, पण सर अजून आहेत, आणि ऐकत नाहीत. उरले मी.

'वहिनी, माझा परवाना त्यांच्या हातात होता. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?'

'उपाशी राहिले असते, पण ज्याच्या घरी जेवले त्याला विकलं नसतं.'

तो रडायला लागला. मला कीव यायला हवी होती, असं नवरा म्हणाला असता. नाही आली. मला टेबलावरचा पट्टा दिसत होता, तोच, त्या दिवशी काढून घेतलेला. परत मिळाल्यापासून नवरा तो लावत नाही.

'भाऊजी,' मी म्हणाले, कितीतरी काळाने, 'मी आता हे रेकॉर्ड करतेय. तुम्हाला सांगून करतेय, तुमच्यासारखं खिशात घालून नाही. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमधलं मधलं वाक्य कुणी कापलं?'

'बोललो तर काढाल?'

'आधी बोला.'

'मी कापलं,' तो म्हणाला. 'दादा म्हणाला होता, बंदुकीचं नाव काढलं तर दारातून परत फिरेन. ते मी कापलं. परत जाशील का, हा प्रश्नही माझा नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, विचार म्हणून.' मग एकेक करून सगळं सांगितलं. कोण आलं होतं, कुठे बसले, काय कबूल केलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. आमच्या कामात आवाज येत असताना बोलायचं नसतं.

हे वकीलबाईंकडे जाईल. नवऱ्याचा पुन्हा अर्ज होईल. कदाचित काही होईल, कदाचित नाही. होईपर्यंत मी त्या सरकारचा पिच्छा सोडणार नाही. आणि प्रत दुसरीकडेही जाईल, तळघरातल्या त्या गार खोलीत, पहिल्या दोन शेपट्यांच्या शेजारी.

'झालं, वहिनी,' तो नाक पुसत म्हणाला. 'सगळं बोललो. आता काढाल ना? वहिनी? काढाल ना?'

मी टेबलावरच्या यंत्राकडे वाकले. खिडकीकडे पाहिलं, पडदा हलत नव्हता.

'वारा नाही,' मी म्हणाले. 'मागे पंखा. माणसं दोन, त्यातलं एक रडतंय. माइक टेबलावर, उघड्यावर. बाकी सगळं शांत. समाप्त.'